आधी फोल्डर, मग वेबसाइट: नागपूरकर नवख्यांसाठी

स्वतःची वेबसाइट काढायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती लागतील?" सीताबर्डीतला डिझायनर पाच पानांचा भाव सांगतो. घरातला पुतण्या म्हणतो, "काका, फुकटात होऊन जाते, मी करून देतो नं." दोन्ही वाटांनी बहुधा एकच गोष्ट हाती पडते: वर फिरतं चित्र, खाली "आमच्याविषयी" आणि "संपर्क", मधल्या तीन पानांवर "लवकरच येत आहे". वर्षानं नूतनीकरणाचा ईमेल येतो तेव्हा मालकाला आठवतं की आपली एक वेबसाइट आहे.

हा लेख दुकानाच्या किंवा क्लासच्या वेबसाइटसाठी नाही. ज्यांच्याकडे स्वतःचं काही साठलेलं आहे त्यांच्यासाठी आहे: फुटाळ्यावरच्या पक्ष्यांच्या नोंदी, आजोबांच्या कविता, सावजी मसाल्याचं घरचं प्रमाण, गल्लीचा इतिहास. तंत्र यात फार थोडं लागतं, घोळ होतो तो क्रमाचा. लोक आधी नाव विकत घेतात, मग थीम (दिसण्याचा तयार साचा) निवडतात आणि लिहायचं काय ते सगळ्यात शेवटी ठरवतात. मी सांगतो तो क्रम उलटा आहे: मजकूर, फोल्डर, पानांची नावं, साधन आणि मग पत्ता.

उदाहरणासाठी महालात राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका धरू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला निघणारी काळी-पिवळी मारबत (ईडा-पीडा घेऊन जावी म्हणून मिरवणुकीनं नेले जाणारे पुतळे) त्या लहानपणापासून पाहत आल्या आहेत. कोणत्या वर्षी कोणते बडगे (मारबतीसोबतचे, चालू घडामोडींवर टोमणे मारणारे पुतळे) निघाले, त्यांच्यावर काय लिहिलं होतं, याच्या वह्या त्यांच्याकडे आहेत, फोटोही आहेत. त्यांना हे सगळं लोकांपुढे ठेवायचं आहे. पुढे "बाई" म्हटलं की याच.

पहिलं काम: कागदावर दहा नावं

कॉम्प्युटर उघडू नका. कागदावर दहा पानांची नावं लिहा, जी तुम्ही आत्ता, कुणाला काही न विचारता लिहू शकता. बाईंची यादी अशी होईल: २०१९ची मारबत, २०२२ची मारबत, बडगा म्हणजे काय, पुतळा कसा बांधतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी, माझ्या लहानपणीची मिरवणूक, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल वगैरे. "गॅलरी", "सेवा", "आमचं ध्येय" ही पानांची नावं नव्हेत. तसली नावं सुचत असतील तर ती खोडा.

दहा नावं झाली नाहीत तर वेबसाइटची अजून वेळ आलेली नाही, महिनाभर वहीतच लिहा. आणि झाली तर त्यातली तीन पानं आधी पूर्ण लिहून काढा. ती कशीही झाली तरी चालतील. तीन लिहिलेली पानं हाताशी असली की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, कारण मग थीम किंवा साधन निवडताना आपला मजकूर त्यात बसतो का, एवढंच बघायचं उरतं.

दुसरं काम: साध्या मजकुराचा फोल्डर

आता कॉम्प्युटरवर एक फोल्डर करा. त्यात प्रत्येक पानाची एक फाइल, साध्या मजकुराची. वर्डची नको, पीडीएफ तर मुळीच नको. साधा मजकूर कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडतो, आणि पुढे साधन बदललं तरी तोच मजकूर उचलून दुसरीकडे नेता येतो.

मथळे, ठळक अक्षरं, दुवे यांच्यासाठी मार्कडाउन नावाची एक साधी पद्धत आहे. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ साली आणली. ओळीच्या सुरुवातीला # आणि एक जागा सोडून लिहिलं की तो मथळा, दोन # दिले की उपमथळा, शब्दाच्या दोन्ही बाजूंना ** दिलं की ठळक, ओळीआधी - दिली की यादीतला मुद्दा. दुव्यासाठी चौकोनी कंसात शब्द आणि लगेच गोल कंसात पत्ता. नव्वद टक्के काम एवढ्यात भागतं. फाइलीच्या नावाशेवटी डॉट एमडी लावायचं, बस. लिहायला विंडोजचं नोटपॅडही चालेल. नोंदी खूप असतील आणि त्या एकमेकींना जोडायच्या असतील तर ऑब्सिडियन चांगलं, कारण तेही मार्कडाउनच्याच फाइली तुमच्या डिस्कवर ठेवतं.

इथे मराठी माणसाची खास अडचण येते, ती जुन्या मजकुराची. नव्वदच्या दशकापासून छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत काम झालं ते श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टांत. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हंच, वर फक्त मराठी चेहरा. तो मजकूर उचलून वेबवर टाकला की कचरा दिसतो. आजोबांचा कवितासंग्रह अशा फाइलीत असेल तर तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. त्यासाठीचे मोफत परिवर्तक ऑनलाइन मिळतात. पण परिवर्तकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. रफार, जोडाक्षरं आणि अर्धा र हमखास बिघडतात. "वऱ्हाड", "तऱ्हा", "सुऱ्या" असे शब्द शोधून बघा: वऱ्हाडाचं "वर्हाड" झालं असेल तर सगळा मजकूर एकदा ओळीनं वाचण्याला पर्याय नाही. नवं टंकताना फोनवर जीबोर्डचा मराठी कळफलक आणि कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट, दोन्ही थेट युनिकोडच लिहितात.

फाइलींची नावं मात्र रोमन लिपीत ठेवा, लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता, जोडरेघ देऊन. हा मराठीचा अपमान वगैरे नाही. फाइलीचं नाव पुढे पानाच्या पत्त्यात जातं, आणि पत्त्यात देवनागरी आली की कॉपी करताना प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात. "मारबत" या शब्दात पाच चिन्हं आहेत. व्हॉट्सअॅपवर दुवा चिकटवला की टक्क्यांच्या खुणांनी भरलेली पंचेचाळीस चिन्हांची शेपटी दिसते, आणि लोक अशा दुव्याला घाबरतात. पानाचा मथळा मराठी, पत्ता रोमन, असं ठेवलं की दोन्ही साधतं.

नाव देताना दहा वर्षांनी ते खरं राहील का, एवढं बघा. "नवीन-लेख" हे नाव पुढच्या महिन्यातच खोटं ठरतं. मारबतीची तारीख दर वर्षी बदलते, म्हणून बाईंनी नावात तारीख न घालता फक्त वर्ष घालावं: मारबत-२०१९, मारबत-२०२२, हे सगळं रोमन लिपीत, आणि अंकही इंग्रजी. वेब ज्यांनी निर्माण केलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवलं होतं की चांगले पत्ते बदलत नाहीत. पत्ता बदलला की कुणाच्या तरी पानावरचा, कुणाच्या तरी चॅटमधला दुवा मरतो, आणि तो माणूस तुम्हाला कळवायला येत नाही.

मांडणी: ओढा की बाग?

आता खरी गंमत. पानं कशी लावायची, याच्या दोन परंपरा आहेत. पहिली ब्लॉगची: नवं वर, जुनं खाली, सगळं तारखेनुसार वाहत जातं. दुसरी बागेची: पानं विषयानुसार लावलेली, एकमेकांशी जोडलेली, आणि लेखक अधूनमधून जुन्या पानावर परत जाऊन भर घालतो, छाटतो. माइक कॉलफील्ड यांनी २०१५ साली या दोहोंना ओढा आणि बाग अशी नावं दिली, आणि "डिजिटल बाग" हा शब्द त्यानंतर चांगलाच रुळला.

माझं मत सरळ आहे: ज्याच्याकडे साठवण आहे त्यानं बाग करावी. ब्लॉगला सतत नवं लागतं. दोन महिने लिहिलं नाही की वरची तारीख शिळी दिसायला लागते, लेखकाला लाज वाटते आणि तो लिहिणंच सोडतो. बागेत ही भीती नाही. बाईंचं "बडगा म्हणजे काय" हे पान त्यांनी तीन वर्षं हातही लावला नाही तरी शिळं होणार नाही, आणि कुणी जुना फोटो आणून दिला तर त्याच पानावर तो चढेल. पानाखाली दोनच ओळी ठेवा: पहिल्यांदा कधी लिहिलं, शेवटी कधी बदललं. वाचणाऱ्याला एवढं पुरतं.

मेन्यू आधी आखू नका. मुखपृष्ठावर चार-पाच वाक्यांत तुम्ही कोण आणि इथे काय आहे ते सांगा, आणि खाली सगळ्या पानांची साधी यादी द्या. वीस पानांपर्यंत ही यादीच सगळ्यात चांगला मेन्यू असतो. त्यापुढे गेलात की यादीत आपोआप गठ्ठे दिसायला लागतात. बाईंच्या बाबतीत "वर्षवार", "माणसं आणि गल्ल्या", "तान्हा पोळा" असे ते पडतील. मग मथळे द्या. रिकामं कपाट आधी आणून त्यात काय ठेवायचं ते शोधत बसलं की काय होतं, ते "लवकरच येत आहे" वाल्या पानांवर दिसतंच.

पाना-पानांत दुवे द्यायला मात्र कंजुषी करू नका. २०१९च्या पानावर "बडगा" हा शब्द आला की तो बडग्याच्या पानाला जोडा, आणि बडग्याच्या पानावरून वर्षवार पानांकडे परत. टॅगांच्या, म्हणजे पानांना लावायच्या विषयांच्या चिठ्ठ्यांच्या, मागे लागू नका. नवखा माणूस दहा पानांना तीस टॅग लावतो आणि प्रत्येक टॅगखाली एकच पान उरतं.

नावांचा एक घोळ आपल्या शहरात फार आहे. गांधीसागर, शुक्रवारी तलाव, जुम्मा तलाव: तलाव एकच. मध्यवर्ती संग्रहालय आणि अजब बंगला: इमारत एकच. वेबसाइटवर पान एकाच नावानं करा, पण पहिल्या परिच्छेदात बाकीची नावं लिहा. म्हणजे गूगलवर कुणी कुठल्याही नावानं शोधलं तरी ते सापडेल, आणि तुमच्याकडे एकाच तलावाची तीन पानं साचणार नाहीत.

मांडणीतली आणखी एक छोटी कल्पना मला आवडते. डेरेक सिव्हर्स यांनी २०१५मध्ये "नाऊ" पान सुचवलं: सध्या मी काय करतो आहे, एवढंच सांगणारं एक पान. हौस असेल तर करा. "आज पाऊस पडला" लिहायची जागा तीच.

साधन निवडणं

फोल्डर तयार असला की साधनाचा प्रश्न अर्धा सुटलेला असतो. वाटा साधारण तीन.

ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉम: खातं उघडा, ब्राउझरमध्ये टंका, बटण दाबा. ब्लॉगर १९९९पासून आहे आणि २००३मध्ये गूगलनं ते घेतलं. फोनवरूनही चालतं, पैसे लागत नाहीत. ज्यांना फाइल, फोल्डर या शब्दांनीच धडकी भरते त्यांनी इथेच सुरुवात करावी, त्यात कमीपणा काही नाही. अट एकच: मजकूर आधी आपल्या फोल्डरमध्ये लिहा आणि मग तिथे चिकटवा. वर्डप्रेसचं सॉफ्टवेअर स्वतः भाड्याच्या सर्व्हरवर बसवण्याचा सल्ला बरेच जण देतील. ते ताकदवान आहेच, पण त्याचा डेटाबेस, प्लगिन, थीम सगळं वेळोवेळी अद्ययावत करावं लागतं, नाही केलं तर कुणीतरी शिरतं आणि तुमच्या कवितांच्या जागी जुगाराच्या जाहिराती झळकतात. वीस-तीस पानांच्या वैयक्तिक वेबसाइटला हे ओझं कशाला?

दुसरी वाट हातानं एचटीएमएल, म्हणजे वेबपानांची मूळ भाषा, लिहायची. नियोसिटीज ही सेवा २०१३मध्ये काइल ड्रेक यांनी सुरू केली, जुन्या जिओसिटीजची आठवण ठेवून. मोफत खात्यात १ जीबी जागा मिळते. काही प्रकारच्या फाइलींना मज्जाव आहे आणि स्वतःचं डोमेन (वेबसाइटचं स्वतःचं नाव, म्हणजे पत्ता) जोडायला पैसे भरावे लागतात. १ जीबी म्हणजे किती? देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, तरी हजार शब्दांचा लेख २० केबीच्या आसपास भरतो. जागा पुरून उरेल. कॉलेजातल्या पोरांनी ही वाट नक्की धरावी. एका रविवारी वेब आतून कसं चालतं ते कळतं.

तिसरी वाट, आणि बाईंसाठी मी हीच सुचवेन: मार्कडाउनच्या फाइली द्यायच्या आणि त्यांची पानं यंत्राकडून बनवून घ्यायची. या यंत्राला स्टॅटिक साइट जनरेटर म्हणतात. जेकिल, हुगो, इलेव्हन्टी ही त्यातली परिचित नावं. तुमच्या फाइली, एक साचा, आणि बाहेर पडतात तयार पानं, ज्यांच्यामागे डेटाबेस नाही, शिरकाव करण्यासारखं फारसं काही नाही. हुगो ही एकच फाइल असते, ती उतरवली की काम सुरू. पण सुरुवातीला तेवढंही लागत नाही, कारण गिटहब पेजेस ही मोफत सेवा जेकिल स्वतःच चालवते.

त्याचे टप्पे असे. गिटहबवर, म्हणजे फाइली आणि त्यांचे बदल ठेवणाऱ्या वेबसाइटवर, खातं उघडा. वापरनाव विचार करून निवडा, कारण तेच पत्त्यात येणार. मग नवी रिपॉझिटरी करा, म्हणजे फाइलींची एक पेटी. तिचं नाव तुमचं वापरनाव, पुढे डॉट गिटहब डॉट आयओ, असंच्या असं द्या, आणि ती "पब्लिक" ठेवा, मोफत खात्यात तेच चालतं. "अॅड फाइल" या बटणानं तुमच्या डॉट एमडी फाइली चढवा. मुखपृष्ठाच्या फाइलीचं नाव इंडेक्स डॉट एमडी हवं. सेटिंग्जमध्ये "पेजेस" उघडून मुख्य शाखा ("मेन") निवडलेली आहे का ते बघा. दहा मिनिटांत पान जगभर दिसायला लागतं. पुढे बदल करायचा तर तिथेच पेन्सिलीच्या खुणेवर टिचकी मारून लिहायचं आणि "कमिट" म्हणायचं. प्रत्येक बदलाची आधीची प्रत तिथे जपली जाते, हा मोठा फायदा. तोच एक धोकाही: पेटी सार्वजनिक असल्यानं जुन्या प्रतीही कुणालाही दिसतात. कच्चा मसुदा, कुणाचा फोन नंबर, घराचा पत्ता तिथे एकदाही चढवू नका, नंतर पुसला तरी तो इतिहासात राहतो.

हे अंगवळणी पडलं आणि दिसण्याबद्दल मन असमाधानी राहिलं, तर हुगोकडे वळा. नेटलिफाय किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस त्याची पानं मोफत ठेवतात. तोवर नको.

मराठी नीट दिसण्यासाठी

साचा कुठलाही असो, चार गोष्टी तपासा. बहुतेक साचे इंग्रजीसाठी बनलेले असतात.

पानाच्या डोक्यात अक्षरसंच यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) असा सांगितलेला हवा. त्यानंतर भाषा: साच्यात ती बहुधा इंग्रजी म्हणून लिहिलेली असते, तिथे मराठीचा संकेत द्या, इंग्रजी लहान अक्षरांत एम आणि आर. यानं अंधांसाठीचे वाचक प्रोग्रॅम मराठी आवाज निवडू शकतात, आणि ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाहीत. फॉन्टसाठी घाई नाही: अँड्रॉइड फोनांत नोटो आणि विंडोजमध्ये निर्मला हे देवनागरी फॉन्ट आधीच असतात. पुस्तकी देखणेपण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे, खास मराठी वळणांसाठी घडवलेला.

ओळींमधलं अंतर वाढवा. इंग्रजीला दीडपट पुरतं, आपल्याला वेलांट्या, मात्रा, उकार वर-खाली लागतात, म्हणून १.७ पट ठेवा. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सोय साच्यात असेल तर ती शून्यावर आणा. मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून इंग्रजी साचे अक्षरं विरळ करतात. देवनागरीत त्यानं शिरोरेषाच तुटते.

फोटो

फोनमधला फोटो सहज ४ एमबीचा असतो, म्हणजे वर सांगितलेल्या हिशोबानं दोनशे लेखांएवढा. मिरवणुकीचे वीस फोटो तसेच चढवले तर वाचणाऱ्याचा डेटाही जाईल आणि धीरही. चढवण्याआधी रुंदी १२०० पिक्सेलवर आणा. फाइल २०० केबीच्या घरात येते आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. स्क्वूश हे मोफत साधन ब्राउझरमध्येच हे करून देतं.

फोटोच्या फाइलीत तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. घरात काढलेल्या जुन्या अल्बमच्या फोटोतून तुमचं घर नकाशावर सापडू नये यासाठी ती माहिती काढून टाका. लहान मुलांचे चेहरे त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय टाकू नका, तान्ह्या पोळ्याला सजलेली पोरं कितीही गोड दिसली तरी. आणि प्रत्येक फोटोखाली वर्ष, जागा, कुणी काढला, एवढं लिहाच. वीस वर्षांनी त्या ओळीची किंमत फोटोइतकीच असेल.

दुसऱ्याचं लेखन टाकताना कायदा लक्षात ठेवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निधन १९६८चं, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क २०२८ संपेपर्यंत. आजोबांच्या कवितांचा हक्क बहुधा सगळ्या वारसांचा मिळून असतो, तेव्हा काकांना, आत्याला आधी विचारा. भांडण झालं तर ते कविता चढल्यावर होतं.

स्वतःचा पत्ता

डोमेन घ्यायचं का? दहा पानं चढलेली असतील, वर्षभर टिकायचा इरादा असेल, तर हो. गिटहबसारख्या सेवेनं दिलेला पत्ता त्या सेवेचा असतो. स्वतःचं डोमेन असलं की उद्या सेवा बदलली तरी वाचकाला पत्ता तोच. आणि गिटहब पेजेस जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपणहून नव्या डोमेनवर पाठवतं, त्यामुळे आधी फुकटात सुरुवात केली म्हणून काही बिघडत नाही.

पैसे भरताना एक बघा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो पहिल्या वर्षाचा भाव, खरा भाव नूतनीकरणाचा. तोच विचारा. डोमेन विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं, मुदत चुकली की दुसरा कुणी ते घेऊ शकतो. म्हणून ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या खात्यात हवं. पुतण्याच्या खात्यात नको. पुतण्या पुण्याला जातो, नंबर बदलतो, आणि मग पासवर्डासाठी दिवाळीची वाट बघावी लागते.

डॉट इन घ्या, किंवा डॉट कॉम. डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४पासून मिळतं आणि दिसतं छान, पण बऱ्याच ठिकाणी त्याचं रोमन सांकेतिक रूप उमटतं आणि ईमेलसाठी ते अजून सगळीकडे चालत नाही. पहिलं डोमेन म्हणून नको, जोडीला असू द्या. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रासाठी कुणी हजारो रुपये मागितले तर सरळ नाही म्हणा. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते मोफत देते आणि वर सांगितलेल्या सेवा ते आपणहून लावतात.

वाचक

आधी आपल्या वेबसाइटवर टाका, मग त्याचा दुवा व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्रामवर. उलटं करू नका, कारण तिथलं लेखन दोन दिवसांत खाली जातं आणि पुन्हा सापडत नाही. दुवा पाठवल्यावर छोटं चित्र आणि मथळा दिसावा यासाठी साच्यात "ओपन ग्राफ" नावाची सोय असते, ती भरा. मारबतीचा एक चांगला फोटो तिथे खूप काम करतो. आरएसएस फीड, म्हणजे नव्या पानांची खबर वाचकाच्या अॅपला आपोआप देणारी सोय, चालू ठेवा, त्याला काही लागत नाही. गूगल सर्च कन्सोलमध्ये वेबसाइट एकदा नोंदवा म्हणजे शोधात यायला मदत होते. रोज किती जण आले ते मोजत बसायचं असेल तर बसा, मी तरी त्याचा सल्ला देणार नाही.

जपणं

गूगलचं ऑर्कुट हे सोशल नेटवर्क ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. जिओसिटीज, जिच्यावर एका पिढीनं आपली पहिली पानं केली, ती याहूनं २००९मध्ये बंद केली. आज ज्या सेवांची नावं मी घेतली त्यांचंही तेच होऊ शकतं. म्हणूनच तो फोल्डर. खरी वेबसाइट तुमच्या डिस्कवर आहे आणि इंटरनेटवर तिची प्रत आहे, असं काम करा.

त्या फोल्डरच्या तीन प्रती ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याशेजारच्या खणातली हार्ड डिस्क एकाच पाण्यात जाऊ शकतात हे शहरानं पाहिलं. बहिणीकडे एक पेन ड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्हवर एक प्रत, एवढं झालं तरी पुरे. शिवाय इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर आपल्या पानाचा पत्ता देऊन "सेव्ह पेज नाऊ" म्हणा. २००१पासून लोकांसाठी खुलं असलेलं हे संग्रहालय तुमच्या पानाची त्या दिवशीची प्रत ठेवून घेतं.

वर्षातून एक दिवस देखभालीला द्या. बाईंना तो शोधावा लागणार नाही: तान्ह्या पोळ्यानंतरचा रविवार, नवे फोटो चढवायचेच असतात. त्या दिवशी दुवे तपासा, डोमेनची मुदत बघा, पेन ड्राइव्ह ताजा करा. डोमेन कुठे घेतलं, कुठल्या ईमेलवर, नूतनीकरण कोणत्या महिन्यात आणि फोल्डर कुठे आहे, या चार ओळी कागदावर लिहून विम्याच्या कागदांच्या फाइलीत ठेवा, आणि घरातल्या एकाला ती फाइल कुठे असते ते दाखवून ठेवा.